‘जर्मनीत सगळं फुकट’ या मेसेजमधून गाळलेल्या अटी

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला आणि खाली मला विचारलं, "अरे, खरं आहे का हे? धाकट्याला पाठवायचं म्हणतोय." मेसेज असा होता: "जर्मनीत मास्टर्स पूर्ण मोफत. कोर्स इंग्रजीत, जर्मन यायची गरज नाही. पार्ट-टाइम कामात सगळा खर्च निघतो. डिग्री झाली की नोकरी पक्की. २१ महिन्यांत पीआर." पीआर म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना. शेवटी एका कन्सल्टन्सीचा नंबर.

मी सांगलीत मेकॅनिकल केलं, मास्टर्सला जर्मनीत आलो आणि आता इथेच नोकरी करतो. हाच मेसेज थोड्याफार फरकाने मला दर सहा महिन्यांनी कुणीतरी पाठवतं. नोकरीचं वाक्य सोडलं तर यात धडधडीत खोटं काही नाही, आणि म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. प्रत्येक वाक्याला असलेली अट तेवढी कापून टाकली आहे. घरच्यांचे पैसे आणि पोराची वर्षं नेमकी त्या अटीत जातात.

"पूर्ण मोफत." बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ही नावं जिथे येतात तिथे, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून मास्टर्ससाठी सेमिस्टरला चार ते सहा हजार युरो फी लावली. बाकी बहुतेक ठिकाणी प्रशासन आणि विद्यार्थी-सुविधांसाठीचं सेमिस्टरचं अंशदान तेवढं द्यावं लागतं.

त्याशिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं, लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या घरात. ही फी नव्हे. पैसे तुमचेच, दरमहा ९९२ युरो याप्रमाणे तुम्हालाच परत मिळतात. पण ते निघण्याआधी उभे करावे लागतात आणि कर्ज काढलं असेल तर व्याज त्या दिवसापासून चालू. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस सर्टिफिकेटही सक्तीचं आहे, त्याचे १८,००० रुपये वेगळे.

आणि एक गोष्ट काकांना मी दोनदा सांगितली. मार्क कमी असले की बऱ्याच कन्सल्टन्सी पोराला खासगी संस्थेकडे वळवतात, कारण कमिशन तिथून मिळतं. तिथली फी वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढे सहज जाते. म्हणजे मेसेज सरकारी विद्यापीठाचा आणि ॲडमिशन खासगीत.

"पार्ट-टाइम कामात सगळा खर्च निघतो." कागदावर हे जुळतं, मी नाकारत नाही. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं. रोज आठ तास धरून १४० दिवसांचे साधारण चौदा हजार युरो होतात. खर्च भागायला हरकत नाही. प्रश्न असा की ते काम कोण देतं आणि कधी देतं.

आल्या आल्या काम मिळत नाही. आधी घर हवं. घर मिळालं की पत्त्याची नोंदणी, आणि नोंदणीशिवाय बाकीची कामं अडतात. विद्यार्थी हॉस्टेलची वेटिंग लिस्ट मोठ्या शहरांत महिनोन्‌महिने हलत नाही. खासगी घराला तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत डिपॉझिट मागतात. हे सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यांत, नेमकं कमाई शून्य असताना.

मग जर्मन न येणाऱ्याला जे काम मिळतं ते गोदामात. मी एक हिवाळा पार्सलच्या गोदामात रात्रपाळी केली. पट्ट्यावरून खोकी येत राहायची, पिनकोड बघून जाळीच्या गाडीत रचायची, गाडी भरली की दुसरी ओढायची. हातमोज्यांची बोटं आठवड्यात फाटायची. पाळी पहाटे संपायची, पहिली ट्राम यायला चाळीस मिनिटं असायची, आणि तेवढ्या वेळात स्टॉपवर उभ्याउभ्या नोट्स वाचायचो. त्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. इथे बहुतेक विद्यापीठांत एका परीक्षेला तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालात की नाव कमी होतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. माझा एक विषय तिसऱ्या संधीला सुटला. निकालाच्या आधीच्या तीन आठवड्यांत मी घरी नीट फोनसुद्धा केला नाही.

खाण्याची डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना एक सांगायचंय. विद्यार्थी परवान्यावर परवानगीशिवाय स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. ‘कॉन्ट्रॅक्ट नको, बिल दे आणि पैसे ने’ असं कुणी म्हटलं तर तिथून निघा. परवाना वाढवायला जाल तेव्हा खर्चाची सोय पुन्हा कागदावर दाखवावी लागते.

चांगली कामंही आहेत. प्रोफेसरच्या हाताखाली सहायक म्हणून केलेलं काम त्या १४० दिवसांत धरत नाहीत. कंपनीत वर्किंग स्टुडंट म्हणून आपल्याच विषयाचं काम मिळालं तर पुढे नोकरीची वाट तिथूनच निघते. पण त्या दारावर भाषा उभी असते.

"जर्मन यायची गरज नाही." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय. वर्गात गरज नाही, एवढंच त्यात खरं. वर्गाबाहेर भाड्याचा करार, विम्याचं पत्र, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातली बाई, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट, सगळं जर्मनमध्ये. माझ्या एका मुलाखतीत सुरुवातीची वीस मिनिटं इंग्रजीत छान गेली. मग टीम लीडरने सहज जर्मनमध्ये विचारलं, मागच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं काय बिघडलं होतं? मला प्रश्न कळला. उत्तर माहीत होतं. वाक्य जुळेना. तो हसून पुन्हा इंग्रजीत आला, आणि आठवड्याने नकाराचा मेल आला. त्यानंतर मी बी-टू, म्हणजे ए-वनपासून मोजली तर भाषेची चौथी पातळी, पूर्ण होईपर्यंत एकही संध्याकाळ रिकामी ठेवली नाही.

मराठी पोरांनी तर या भाषेला घाबरायचं कारणच नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजीवाले रडतात. आपण जन्मापासून तो, ती, ते करतोय. लिंगं जुळतील असं नाही, आपला सूर्य पुल्लिंगी तर त्यांचा स्त्रीलिंगी, पण खुर्चीला ‘ती’ आणि टेबलाला ‘ते’ का म्हणायचं, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. ‘कारण मी आजारी आहे’ म्हणताना आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यांच्या तशाच वाक्यातही शेवटीच येतं. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, आता घरबसल्या ऑनलाइन वर्गही आहेत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या दोन वर्षांत बी-वन होतं. इथे येऊन लेक्चर, असाइनमेंट आणि पाळी सांभाळून तेच करायला दुप्पट वेळ लागतो.

"नोकरी पक्की." नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, तो खरोखर मोठा आधार आहे. पण तो शोधण्याचा परवाना आहे. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं जर्मन अर्थव्यवस्था आकसली. फोक्सवागनने २०२४ च्या डिसेंबरात २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक जागा कमी करायचा करार केला. चाकणच्या पट्ट्यातून ऑटोमोटिव्हचं स्वप्न घेऊन येणाऱ्या पोरांनी हे आधी वाचावं.

"२१ महिन्यांत पीआर." हे २१ महिने विमानातून उतरल्यापासून मोजत नाहीत. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, नोकरी लागल्यापासून मोजतात, आणि तेही जर्मन बी-वन असेल तर. भाषा ए-वनच असेल तर २७ महिने. ब्लू कार्डलाही पगाराची अट आहे. २०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती, नव्या पदवीधरांना थोडी कमी. शिक्षणाची दोन-अडीच वर्षं आणि नोकरी शोधण्यातले महिने धरले तर हिशेब पाच वर्षांच्या आसपास जातो.

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पाठवू नको म्हणतोस?" मी म्हटलं, "पाठवा काका. मीही आलोच की. पण या वर्षी नको." धाकटा मागून ऐकत होता. त्याने फोन घेतला आणि विचारलं, "दादा, ए-वनची पुढची बॅच कधी आहे?"

बॅच सोमवारी सुरू झाली. काकांनी मेसेज ग्रुपवरून काढला नाही. त्याच्याखाली माझा हिशेब डकवून ठेवलाय.