टपालगाडी विजेवर का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

खास टपालासाठी बांधलेल्या गाड्यांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं असं, की वीज शेवटी कोळशाचीच, पुण्यात सीएनजी मुबलक आहे, आणि अमेरिकेच्या त्या नव्या बदकतोंड्या टपालगाडीचं कौतुक आपल्याला कशाला?

कोळशाचं खरं आहे. लक्ष्मी रोडवरचा धूर वाचला, तरी चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रांजवळ राहणाऱ्यांच्या नाकात तो जातोच. ते मलाही डाचतं. पण टपालगाडीचं काम कसं असतं ते बघा. भर दुपारी लक्ष्मी रोडच्या कोंडीत लाल गाडी अडकलीय, पुढे रिक्षा, बाजूला हातगाडी. चाक जागचं हलत नाही आणि इंधन मात्र जळतंय. सीएनजी असला तरी तेच. विजेची मोटर उभ्या उभ्या काही खात नाही, ब्रेक दाबला की थोडी वीज बॅटरीत परत जाते. शिवाय रस्ता रोजचा ठरलेला, अंतर बेताचं, रात्रीचा मुक्काम डेपोत. चार्जिंगला याहून सोयीचं काम कुठलं?

अमेरिकेतली जुनी टपालगाडी, ग्रमन कंपनीची, 1987 ते 1994 या काळात बनली. तिथे वाहतूक उजवीकडून चालते, तरी तिचं स्टिअरिंगही उजवीकडेच. का, तर पोस्टमनला न उतरता कडेच्या पेटीत पत्र टाकता यावं. एसी मात्र नाही. उन्हाळ्यात आत भट्टी. ऑशकॉश कंपनीच्या नव्या, बदकतोंड्या गाडीचं बॉनेट बुटकं आणि काच उंच आहे, ती समोरचं माणूस नीट दिसावं म्हणून. तेवढ्यासाठी बदक दिसली तर दिसू दे!

चुकाही तिथे झाल्याच. त्याच नव्या गाडीची पेट्रोल आवृत्ती एसी लावल्यावर लिटरला चार किलोमीटरही देत नाही. टीका झाली, आणि डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या टपाल खात्याने 2028 पर्यंत 66,000 विजेच्या गाड्या घेण्याचं जाहीर केलं. त्याआधी इथेनॉलवर चालू शकणाऱ्या हजारो गाड्या घेतल्या होत्या. पण इथेनॉलचे पंपच जवळपास नव्हते, त्यामुळे बहुतेक पेट्रोलवरच पळाल्या.

म्हणून तुमचा 'मुबलक' हा शब्द मला पटत नाही. संध्याकाळी शहरातल्या कुठल्याही सीएनजी पंपावरची रिक्षांची रांग बघा. टपालाची वेळ त्या रांगेत घालवायची का? पुणे-सोलापूरसारख्या लांबच्या फेऱ्यांना सीएनजी खुशाल ठेवा. पेठांतल्या आणि उपनगरांतल्या फेऱ्या मात्र आधी विजेवर न्या.