इंटरव्ह्यूला चाललास? मग आण्णांचं ॲप लपव

तर भावा, तू लातूरचा का परभणीचा ते जाऊ दे, फायनल इयरला आलास आणि पुण्यात इंटरव्ह्यू लागलाय म्हणल्यावर पहिलं काम काय तर वेदर ॲप बनव. टू-डू लिस्ट, कॅल्क्युलेटर आणि वेदर ॲप, ह्या तीन गोष्टींशिवाय रेझ्युमेला रेझ्युमे म्हणत नाहीत. आता आपल्याकडं ॲपात ढग आणि रानात ऊन असतं हे खरंय, पण तुला कुठं पेरायचंय, तुला नुसतं युट्यूबवाल्याचं बघून टाईप करायचंय, आणि त्याच्यातलं लंडन तसंच राहू दे, औसा टाकायला गेलास तर एरर येतो. हवामानाची माहिती आणायची एपीआय की, म्हणजे आपली गुप्त किल्ली, पण तशीच गिटहबवर, कोड ठेवायच्या साईटवर, पब्लिक टाक, आपण काय लपवाछपवीची माणसं नाहीत.

गिटहबवर ज्या दिवशी काम नोंदवलं त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो, ते चौकोन तेवढे हिरवे पाहिजेत. आज रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फायलीत, एक टिंब टाकायचं, उद्या काढायचं. कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, मागची तारीख पण देता येते, म्हणजे जूनमध्ये तू गावाकडं पेरणीला असलास तरी इथं रान हिरवंगार. दुष्काळी भागात हिरवं दिसतंय तेवढं दिसू द्यावं.

आणि ते दुसरं प्रोजेक्ट चुकून पण दाखवू नको. आण्णांची मोंढ्यातली पट्टी, म्हणजे माल विकल्याचा हिशोब, बघून डोकं फिरलं म्हणून तू एका रात्रीत बनवलास ते, सोयाबीनला हवा किती, माती किती, डागी म्हणजे खराब दाणे किती टाकलं की कपात किती बसायला पाहिजे ते सांगणारं. अरे, हवा म्हणजे ओलावा आणि हमीभावाच्या खरेदीला तो १२ टक्क्यांपर्यंतच चालतो, हे एचआर मॅडमला समजावण्यातच इंटरव्ह्यू संपायचा! वर त्याला लॉगिन नाही, डार्क मोड नाही. अर्धं गाव वापरतं म्हणे. वापरू दे, गाव काय ऑफर लेटर देतंय का?

छंदात वाचन लिही. शेवटचं काय वाचलंस विचारलं तर हॉल तिकिटामागच्या सूचना सांगू नको म्हणजे झालं. १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या पोरानं ऑपरेटिंग सिस्टीम करायलोय, नुसता छंद आहे, मोठं काही नाही असं लिहून टाकलं आणि त्याचं लिनक्स झालं, पुढं २००५ ला गिटहब ज्याच्यावर चालतं ते गिट पण त्यानंच काढलं, पण त्याला कुठं कॅम्पस ड्राइव्हला सीजीपीएची अट होती.

लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकीला एक जोडलेल्या नोंदींची साखळी, उलटी करायचं पाठ करून जा, पण विचारल्या विचारल्या लिहू नको, आधी छताकडं बघ, पेन चाव, जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखं कर. एक लाख नावांच्या यादीत बायनरी सर्चनं, म्हणजे दर फेरीला अर्धी यादी सोडत, १७ फेऱ्यांत नाव सापडतं हे ठोकून सांग. यादी सॉर्ट केलेली, म्हणजे क्रमानं लावलेली, नसली तर, असं विचारलं की पाणी माग.

फोन मात्र सायलेंटवर ठेव. त्याच टायमाला आण्णांचा फोन येणार, मोंढ्यात काट्याजवळ उभे असतील, हवा पंधरा लावायलेत म्हणून तुझं ॲप आडत्याला दाखवायचंय आणि ते उघडंना, कारण फ्री सर्व्हरवर टाकलंय, थोडा वेळ कुणी आलं नाही की झोपतं. कट कर. वेदर ॲपचा डेमो चाललाय, लंडनला पाऊस आहे.