‘सगळं दिल्लीत ठरतं’वाला फॉरवर्ड

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. म्हणे पक्षात सगळं दिल्लीत ठरतं, अंतर्गत निवडणूक घेतली नाही तर निवडणूक आयोग पक्षाची नोंदणी रद्द करतो, आणि सगळे पक्ष इथूनतिथून सारखेच. एकेक घेऊ.

दिल्लीचं म्हणाल तर लोकसभा-विधानसभेच्या तिकिटापुरतं बरंचसं खरं, भाजप असो की काँग्रेस, यादी केंद्रीय निवडणूक समितीतून फायनल होते. पण झेडपी, नगरपालिकेच्या प्रत्येक वॉर्डात दिल्ली कुठे डोकं घालणार? तिथे राज्य एबी फॉर्मचं. ए म्हणजे पक्षातर्फे सही करायचा अधिकार कोणाला, बी म्हणजे उमेदवार कोण, आणि तो कागद वेळेत पोचला नाही तर कमिटीने एकमताने दिलेलं तिकीटसुद्धा गेलं, बसा मग अपक्ष म्हणून. म्हणून शेवटच्या रात्री गर्दी पक्ष ऑफिसात कमी आणि फॉर्म ज्याच्या बॅगेत आहे त्याच्या दारात जास्त असते. ग्रामपंचायत तर आपल्याकडे पक्षचिन्हावर होतच नाही, ‘आमचे इतके सरपंच’ हे सगळं निकालानंतरचं गणित.

नोंदणी रद्दवालं तर साफ चूक. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ पक्षाच्या नोंदणीचं आहे, आणि फसवणुकीने नोंदणी मिळवली वगैरे मोजके अपवाद सोडले तर आयोगाला ती रद्द करता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय. २०२५ मध्ये जे ३३४ पक्ष यादीतून काढले ते सहा वर्षं एकही निवडणूक न लढल्याबद्दल. मात्र पक्षाची घटना कपाटात धूळ खात पडली तरी चालेल असं समजू नका. फुटीनंतर खरी शिवसेना कोणाची या वादात विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला २०१८ ची नाही, १९९९ ची घटना धरली, कारण आयोगाच्या रेकॉर्डवर तीच होती. निकाल पटो न पटो, कागद जमा आहे की नाही यावर किती अडतं ते बघा.

आणि सगळे सारखे? १९९६ ला माकपचे बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंना पंतप्रधानपद चालून आलं होतं, पक्षाचे सरचिटणीस सुरजीत अनुकूल होते, तरी पक्षाच्या सेंट्रल कमिटीने बहुमताने नाही म्हटलं. इतर कुठल्या पक्षात हे होईल, सांगा. काँग्रेसने २०२२ ला अध्यक्षपदाची निवडणूक खरंच घेतली, खर्गे ७,८९७, थरूर १,०७२. मग चारच महिन्यांनी रायपूरला ठरलं की वर्किंग कमिटीची, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीची, निवडणूक नको, अध्यक्षच नावं ठरवतील.