‘ते घर सोडून जात का नाहीत?’

झपाटलेल्या घरावरच्या चित्रपटांविषयी एक मत गेली अनेक वर्षे सिनेमाच्या गप्पांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ऐकू येते, आणि ते इतक्या खात्रीने सांगितले जाते की त्यावर कोणी वाद घालायला जात नाही. ते मत थोडक्यात असे: या चित्रपटांना कथानक नसतेच. शहाणा माणूस पहिल्याच रात्री घर सोडेल, तेव्हा त्यातली पात्रे मूर्खच असतात. पहिला तासभर काही घडत नाही. सगळ्यांचा साचा एकच असतो. शेवटी जुन्या खुनाचे ठिगळ लावले जाते. आणि प्रेक्षक दचकायलाच आलेला असल्यामुळे कथेवाचून कोणाचे अडतही नाही. मला हा चित्रपटप्रकार मनापासून प्रिय आहे, म्हणून या पाचही मुद्द्यांना उत्तर देतो. त्यासाठी काही चित्रपटांचे शेवट सांगावे लागणार आहेत. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी आधी पाहून घ्यावेत, ही विनंती.

घर सोडण्याचा प्रश्न सर्वांत गाजलेला आहे. तो प्रेक्षकाला सुचतो तसा पटकथालेखकालाही सुचलेला असतो, आणि त्याचे लेखन बहुधा तिथूनच सुरू होते, कारण माणूस त्या घराशी कशाने बांधला गेला आहे हे एकदा ठरले की निम्मे कथानक ठरते. टोबी हूपर यांच्या १९८२ च्या ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये घर त्या कुटुंबाची लहान मुलगी गिळून टाकते, तिचा आवाज त्याच घरातल्या टीव्हीतून येत राहतो. तिथून निघून जाणे म्हणजे मुलीला टाकून जाणे, आणि असे कोणते आईबाप करतील? २०१७ च्या ‘लपाछपी’मध्ये दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी हीच गाठ आपल्या मातीत बांधली आहे. नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज आहे, वसुलीवाले मागावर आहेत, बायकोचे दिवस भरत आले आहेत, आणि लपण्यासाठी मिळालेले घर चारी बाजूंनी उभ्या उसाने वेढलेले आहे. ज्याने पुरुषभर वाढलेल्या उसात दहा पावले आत जाऊन मागे वळून पाहिले आहे, त्याला या घराला कुंपणाची गरज का नाही हे सांगावे लागत नाही. राम गोपाल वर्मा यांच्या २००३ च्या ‘भूत’मध्ये तर बांधणारी गोष्ट एक लपवाछपवी आहे: या फ्लॅटमध्ये पूर्वी राहणारी बाई बाल्कनीतून पडून मेली, हे नवऱ्याला घर घेण्यापूर्वी ठाऊक असते आणि तो ते बायकोला सांगत नाही. मुंबईत डिपॉझिट, दलाली आणि कराराची जुळवाजुळव करून ज्याने घर मिळवले आहे, त्याला असे सोयीस्कर मौन कसे पाळले जाते हे चांगले कळते.

या आक्षेपात एक जागा खरी आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये मुलगी परत मिळाल्यानंतरही ते कुटुंब काही तास त्याच घरात थांबते आणि मुले त्याच खोलीत झोपवली जातात. तिथे बांधून ठेवणारा दोर सुटलेला आहे आणि पात्रे केवळ शेवटच्या धुमाकुळासाठी थांबवलेली आहेत. आपल्याला हे खटकते, कारण तोपर्यंत चित्रपटाने थांबण्याचे कारण चोख दिलेले असते. कथानक नसतेच, तर त्यातला हा खळगा जाणवलाच नसता.

पहिल्या तासात काही घडत नाही, हा दुसरा मुद्दा. आलेहान्द्रो आमेनाबार यांचा २००१ चा ‘द अदर्स’ पाहू. १९४५ साल, जर्सी बेट, धुक्यात बुडालेला वाडा. घरातल्या दोन्ही मुलांना उजेड सोसत नाही, म्हणून त्यांची आई नव्या नोकरांना नियम समजावून देते: प्रत्येक खोलीचे पडदे ओढलेले असले पाहिजेत, आणि मागचे दार कुलूपबंद केल्याशिवाय पुढचे उघडायचे नाही. हा प्रसंग पहिल्या वेळी नुसती घरव्यवस्था वाटतो. पण या नियमामुळे घराच्या प्रत्येक दाराला कथेत वजन येते, आणि पुढे एका सकाळी सगळे पडदे नाहीसे झालेले असतात तेव्हा रक्ताचा थेंबही न दाखवता आपल्या छातीत धडकी भरते. त्याच सुरुवातीच्या भागात आणखी एक किरकोळ गोष्ट आहे: नोकर हवेत अशी जाहिरात देण्यासाठी आईने लिहिलेले पत्र टपालात गेलेलेच नसते. मग हे नोकर आले कुठून? इथे संपूर्ण रहस्य उघड्यावर ठेवलेले आहे. ज्या तासात ‘काही घडत नाही’ असे म्हटले जाते, त्या तासात कुलपे बसवली जात असतात आणि किल्ल्या कुठे ठेवल्या हेही दाखवले जात असते. या आईलासुद्धा घर सोडून जायचे सुचते. ती मदत आणायला धुक्यात निघते आणि तिला युद्धावर गेलेला नवरा भेटतो, ज्याला ती घरी घेऊन येते. तिला बाहेर का जाता येत नाही हे शेवटी कळते: त्या घरात भुते कोण आहेत याविषयीच आपली समजूत चुकलेली असते.

साचा एकच असतो, हे खरे आहे, आणि तो फार जुना आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी एका पत्रात अथेन्समधल्या एका घराची हकीकत लिहिली आहे. त्या घरात रात्री साखळदंडांचा आवाज येई, त्यामुळे ते ओस पडले होते. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ मागितलेली किंमत फारच कमी पाहून चौकशी करतो, सगळे ऐकतो आणि तरीही ते भाड्याने घेतो. रात्री भूत येऊन बोटाने खुणावते. तो हातातले लिखाण लगेच टाकत नाही, त्याला थोडे थांबायला लावतो, मग दिवा घेऊन त्याच्यामागे जातो. अंगणात एका जागी भूत नाहीसे होते. दुसऱ्या दिवशी तिथे खणल्यावर साखळदंडांत जखडलेली हाडे सापडतात, त्यांचे रीतसर दफन होते आणि घर शांत होते. स्वस्त घर, आवाज, खूण, खोदकाम, अंत्यसंस्कार: आजच्या चित्रपटांची हाडेही हीच आहेत. अभंगाचाही साचा ठरलेला असतो, म्हणून एक अभंग ऐकणाऱ्याने सगळे ऐकले असे आपण म्हणत नाही.

जुना खून हे शेवटचे ठिगळ असते, हा चौथा मुद्दा मराठी माणसाने तरी मांडू नये असे मला वाटते. दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवून आपण कावळ्याची वाट पाहतो. कावळा शिवला नाही, तर जवळचे लोक पुढे होऊन हात जोडतात आणि ‘पोरीचं लग्न आम्ही लावून देऊ’, ‘धाकट्याकडे लक्ष देऊ’ असे एकेक सांगू लागतात. गेलेल्याचा जीव कशात अडकला आहे हे ते अंदाजाने शोधत असतात. झपाटलेल्या घराचे कथानक याच शोधाचे असते, आणि त्यात जुने पाप हे ठिगळ नसून मूळ वस्त्र असते. पीटर मेडॅक यांचा १९८० चा ‘द चेंजलिंग’ याचा उत्तम नमुना आहे. बर्फाने भरलेल्या रस्त्यावर गाडी बंद पडते, संगीतकार असलेला नायक फोन करायला टेलिफोनच्या खोक्यात शिरतो, आणि काचेच्या आतून त्याला आपली पत्नी व मुलगी ट्रकखाली जाताना पाहावी लागते. पुढे तो सिअॅटलमध्ये एका प्रचंड जुन्या घरात एकटा राहायला जातो. तिथे एक दिवस त्याच्या मेलेल्या मुलीचा चेंडू जिन्यावरून उड्या मारत खाली येतो. तो चेंडू घेऊन पुलावर जातो, नदीत फेकून देतो, घरी परततो आणि दार उघडतो, तर तोच चेंडू पुन्हा पायऱ्या उतरत येतो, आणि तो ओला असतो. हे घर छळायला आलेले नाही, ते या माणसाला हाक मारते आहे, हे इथे कळते. त्या घरात एका बापाने वारशाच्या पैशासाठी आपल्या आजारी मुलाला टबात बुडवून मारले आहे आणि त्याच्या जागी अनाथ मुलगा आणून वाढवला आहे. ज्या बापाला आपले मूल वाचवता आले नाही, त्याच्याकडे बापानेच मारलेले मूल न्याय मागते. घराचा भूतकाळ आणि माणसाची जखम हे दोन धागे इतके नेमके जुळवलेले असताना त्याला ठिगळ कसे म्हणता येईल?

राहिला दचकण्याचा मुद्दा. अचानक वाजलेल्या दणक्याने कोणीही दचकतो. त्याला कथा लागत नाही हे मी मान्य करतो. पण घरी येऊन दिवा मालवल्यावर जी भीती सोबत राहते, तिला कथा लागतेच. रॉबर्ट वाइज यांच्या १९६३ च्या ‘द हॉन्टिंग’मध्ये भूत एकदाही दिसत नाही. एलेनॉर ही त्यातली एकाकी स्त्री, जिचे आयुष्य अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करण्यात गेले आहे. आई मदतीसाठी भिंतीवर ठोकत असे. ती वारली त्या रात्री एलेनॉर उठून गेली नाही. झपाटलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका घराचा अभ्यास करायला जमलेल्या काही लोकांबरोबर ती तिथे राहायला येते. पहिल्याच रात्री भिंतींवर धाडधाड ठोके पडू लागतात, आणि अर्धवट झोपेत तिला वाटते की आईच बोलावते आहे. हा मागचा संदर्भ काढून टाकला तर उरतो तो नुसता आवाज. पुढे एका रात्री अंधारात कोणा मुलाचे विव्हळणे ऐकू येते आणि ती शेजारच्या मैत्रिणीचा हात घट्ट धरून ठेवते, अगदी दुखेपर्यंत; दिवा लागतो तेव्हा मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. जिचा हात आयुष्यभर कोणी धरला नाही, तिचा हात कोणी धरला होता, हा प्रश्न कथानकानेच निर्माण केलेला आहे. शेवटी बाकीचे लोक अगदी शहाणपणाने ठरवतात की एलेनॉरने हे घर सोडून जावे. ती विनवते की आपल्याला जायला दुसरी जागाच नाही, तरीही तिला गाडीत बसवतात. गाडी फाटकाकडे निघते आणि वाटेतल्या झाडावर आदळते. हे घर बांधणाऱ्याची पहिली पत्नी बग्गीतून येताना घर पाहण्याआधीच ज्या झाडाशी मेली, तेच हे झाड.