तुळईवरची जेवणाची सुट्टी

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने एक फोटो टाकला. तुम्हीही तो पाहिला असेलच: न्यूयॉर्कच्या आकाशात लोखंडी तुळईवर ओळीने बसलेले अकरा कामगार, पाय खाली सोडलेले, पायांखाली शहर. त्याखाली कुणीतरी लिहून पुढे पाठवलेलं वाक्य होतं, ‘याला म्हणतात कामावरची निष्ठा. ना तक्रार, ना तासांचा हिशेब.’ विषय अर्थातच कामाच्या तासांचा. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यांतला कामाचा दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर या वादाला खंड नाही.

मी जर्सी सिटीत राहते. हा फोटो जिथे काढला ती इमारत नदीपलीकडे, ट्रेनने अर्ध्या तासावर आहे. म्हणून दादाला उत्तर देण्याआधी तो मोठा करून पुन्हा नीट पाहिला.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे. यातला एकही माणूस काम करत नाहीये. अकराच्या अकरा जण सुट्टीवर आहेत. कुणाच्या मांडीवर डबा आहे. डावीकडच्या टोकाचा शेजाऱ्याकडे वाकून सिगारेट पेटवतोय. मधले आपापसांत बोलण्यात गुंतलेत. उजव्या टोकाच्या माणसाच्या हातात बाटली आहे आणि तो एकटाच थेट आपल्याकडे बघतोय. जगातलं बहुधा सर्वांत गाजलेलं कामगारांचं छायाचित्र हे जेवणाच्या सुट्टीचं आहे, आणि आपण ते जास्त काम करण्याचा दाखला म्हणून एकमेकांना पाठवतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट चौकटीची. तुळई या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली आहे, तिची टोकं दिसत नाहीत. ती कशावर टेकली आहे ते कळत नाही. खालचा मजलाही चौकटीबाहेर ठेवलाय. मागे धुरकट सेंट्रल पार्क आणि सुमारे 840 फूट खोल पोकळी, एवढंच डोळ्यांत भरतं. दोर नाही, पट्टा नाही, डोक्यावर हेल्मेटऐवजी कापडी टोप्या. छायाचित्रकाराला जे दाखवायचं होतं ते त्याने चोख दाखवलं आहे. कारण हा फोटो ठरवून काढलेला होता. 20 सप्टेंबर 1932 ला, रॉकफेलर सेंटरच्या आरसीए इमारतीच्या 69व्या मजल्यावर, प्रसिद्धीसाठी. तो 2 ऑक्टोबरला न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनमध्ये छापून आला. उंची खरी, कामगार खरे, रोजचं काम खरं, पण त्या क्षणाची मांडणी इमारतीच्या जाहिरातीसाठी केलेली. त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका फोटोत काही जण तुळईवर चक्क आडवे होऊन झोपलेले दिसतात.

1932 हे साल विसरून हा फोटो वाचताच येत नाही. महामंदीचा तळ होता. अमेरिकेत साधारण दर चार कामगारांमागे एक बेकार होता. तुळईवर बसायला नकार दिला असता तर त्या जागी बसायला खाली रस्त्यावर माणसं उभी होती. त्यांच्या चेहऱ्यावरची बेफिकिरी मला खोटी वाटत नाही. लोखंडकाम करणाऱ्यांना उंचीची सवय असते, त्यात त्यांचा अभिमानही असतो. पण गरज आणि हिंमत एकाच माणसात राहू शकतात, आणि कॅमेऱ्यात फक्त हिंमत उतरते.

म्हणूनच आपल्याकडच्या निर्णयातल्या एका शब्दाशी मी अडखळते: कामगाराची ‘लेखी संमती’. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे, जादा तासांचे पैसे मिळतील, उद्योग येतील, असं दादा सांगतो. उद्योग यावेत असं मलाही वाटतं. डोंबिवलीतले बंद पडलेले कारखाने मीही पाहिलेत. पण गेटबाहेर रांग लागलेली असताना आतल्या माणसाने कागदावर केलेली सही ही किती संमती? त्या अकरा जणांचीही संमतीच होती.

इथे सगळं आलबेल आहे असं म्हणायला मी बसलेले नाही. आजही अमेरिकेचा केंद्रीय कायदा जेवणाची सुट्टी देण्याची सक्ती करत नाही. ती न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांनी आपापल्या कायद्याने दिली आहे. आठवड्याला 40 तास आणि त्यावर दीडपट मजुरी हा नियम 1938 च्या कायद्यातून आला. पडण्यापासून बचावाची सक्ती तर त्याहून खूप उशिरा, 1970 च्या सुरक्षा कायद्यानंतर आली. बांधकामावर सहा फुटांवर चढलं की कठडा, जाळी किंवा पट्टा हवाच, हा आजचा सर्वसाधारण दंडक आहे. माझ्या खिडकीसमोर एक टॉवर उठतोय. दुपारी बाराला क्रेन थांबते. माणसं पट्ट्याचे हुक सोडवून खाली येतात, जेवण गार ठेवायच्या पेट्या उघडतात, पाठ टेकून जेवतात. तो नजारा कुणी पोस्टरवर छापणार नाही.

त्याच जुन्या इमारतीत 2023 पासून पर्यटकांसाठी तशीच तुळई बसवली आहे. कमरेला पट्टा बांधून तुम्हाला गच्चीपासून साधारण बारा फूट वर उचलतात आणि फोटो काढतात. माझी भाची हौसेने बसून आली. मी खाली उभी राहून तिचा पट्टा दोनदा तपासला.

दादाला मी लिहिलं ते मात्र अमेरिकेचं नव्हे, आपल्या परळचं. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईचे गिरणी कामगार तिथे जमले. त्यांच्या मागण्यांच्या अर्जावर 5,500 कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी हवी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. रविवार मिळायला 1890 चा जून उजाडला. इन्फोसिसचे नारायण मूर्ती आठवड्याला 70 तास काम करण्याविषयी बोलले, पुढे एका बड्या बांधकाम कंपनीच्या अध्यक्षांनी रविवारी लोकांना कामाला लावता येत नाही याची खंत बोलून दाखवली, तेव्हा मला सगळ्यात आधी लोखंडे आठवले. हा रविवार कुणी दान दिलेला नाही. तो आपल्याच माणसांनी, मराठीत भाषणं करून मिळवला आहे. बाहेरून उसन्या आणलेल्या फोटोसमोर तो विसरून चालणार नाही.

शेवटी दादाला एकच विचारलं, बाबांना विचारून बघ. बाबा एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं होते. लहानपणी त्यांचा दोन पुडांचा डबा मी घासायची, आणि खालच्या पुडातली भाजी बरेचदा तशीच परत आलेली असायची. आई म्हणायची, आवडली नसेल.

दादाने रात्री फोन केला. बाबा म्हणाले, जेवायला दहा-बारा मिनिटं मिळायची. एका हातात पोळी आणि डोळे रिअॅक्टरच्या मीटरवर, कारण बदली माणूस कधी दिलाच नाही. भोंगा मात्र अर्ध्या तासाचाच व्हायचा.