काल जरा जास्तच झाली

परमिट रूम काढताय म्हणे. अभिनंदन, शेठ! उत्पादन शुल्कवाल्यांचं लायसन हातात पडेपर्यंत निम्मे केस गेले असतील. उरलेले वाचावेत म्हणून चार गोष्टी सांगतो. फी नको, एक क्वार्टर पुरे.

पैसा सगळा पुढे लावा. एसी, सोफे, काउंटरमागे आरसे, दारात मत्स्यालय. दिवे निळे आणि मंद. गिऱ्हाईक त्याला वातावरण म्हणतं, आपण त्याला बचत म्हणतो. ग्लासावरचे बोटांचे ठसे त्यात दिसत नाहीत. किचनला जिन्याखालची जागा रग्गड झाली. पाण्याची लाईन तिथवर नेलीच पाहिजे असं नाही, ड्रम आहे की.

कायदा विचारू नका, पण सांगून ठेवतो. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, लायसनचे नियम २०११ चे. किचनमध्ये हात धुवायला वेगळं बेसिन आणि साबण हवा, कामगारांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी हवी, टायफॉईडसारख्या रोगांची लस हवी. शिवाय दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक. घाबरू नका. कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या म्होरक्याला, एकदा त्या फोस्टॅकच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्रशिक्षणाच्या वर्गाला पाठवा. प्रमाणपत्र आलं की फ्रेम करून गल्ल्यामागे गणपतीशेजारी लावा. पुढच्या महिन्यात कॅप्टन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून समोरच्या बारमध्ये जाईल. जाऊ द्या. माणूस गेला तरी प्रमाणपत्र कामावर असतं, आणि पगार मागत नाही.

बाकीच्या पोरांना कसलं आलंय शिक्षण? मोरीवर लावलेला पोऱ्या दिवाळीपर्यंत सॅलड कापायला लागतो, होळीपर्यंत तंदूरवर जातो, हाच अभ्यासक्रम. बेसिनवर साबण ठेवलात तर पोरं हात धुतील, आणि नीट हात धुवायला वीस सेकंद जातात. तेवढ्यात एक मसाला पापड निघतो. हिशेब तुम्हीच करा.

फडका मात्र एकच ठेवा. एका बारच्या किचनमध्ये मी तासभर उभा राहून त्या फडक्याचा प्रवास पाहिलाय. आधी कच्च्या चिकनचं पाणी सांडलं, ते त्याने टिपलं. मग सुरी पुसली. मग वस्तादने कपाळाचा घाम पुसला आणि फडका खांद्यावर गेला. तेवढ्यात चार नंबरची चिली निघाली, प्लेटच्या कडेला थोडा सॉस सांडला होता. वस्ताद कलाकार माणूस, त्याला ते खपेना. खांद्यावरून फडका काढला आणि कड अशी गोल, सुबक पुसून घेतली की काय सांगू! प्रेझेंटेशन म्हणतात ते हेच.

टेबलावरून परत आलेले शेंगदाणे बरणीत. त्याला उष्टं म्हणत नाहीत. तेल कढईचा तळ दिसेनासा होईपर्यंत वापरा. तेलातले पोलर घटक, म्हणजे तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारी खराबी, २५ टक्क्यांवर गेले की फेकायचं असा नियम आहे, पण ते डोळ्यांनी दिसत नाहीत आणि मोजायचं यंत्र कुणाच्या बापाने पाहिलंय? बर्फाचंही तसंच. न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायचा हुकूम राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये काढला. म्हणून तर म्हटलं, दिवे निळे लावा.

आता खरी गोम भातात आहे. शेजवान राईसला ताजा भात चालत नाही, गोळा होतो. म्हणून दुपारी बाराला शिजवून भगोण्यात झाकून ठेवतात. नियम म्हणतो, गरम वाढायचं ते ६० अंशांच्या वर ठेवा, थंड ठेवायचं ते ५ च्या खाली. तुमचं भगोणं भट्टीशेजारी, नेमकं मधल्या कोमट प्रदेशात, रात्री दहापर्यंत सुखाने बसतं. भातात बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू असतो. त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. कोमट भातात ते उठतात, वाढतात आणि एक विष करून ठेवतात. मग वस्तादने कढईतून चार फूट ज्वाळा काढल्या तरी त्या विषाला ढिम्म काही होत नाही. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत माणूस ओकायला लागतो.

आता वेळ जुळवून बघा. दहाला राईस खाल्ला, बाराला घरी, दोनला मोरीत. बायको दारात उभी. गिऱ्हाईक काय म्हणणार, भात बाधला? कुणाचा विश्वास बसेल? त्याचा स्वतःचाही बसत नाही. उडप्याच्या हॉटेलात इडली बाधली तर माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येतो, दहाजणांना सांगतो. तुमच्याकडचा माणूस पोट धरून देवासमोर कान पकडतो आणि दोष बाटलीला देतो. आणि तक्रार करायची तरी कशी? घरी ऑफिसात ऑडिट असल्याचं सांगून आलेला असतो.

एवढं संरक्षण कुठल्या धंद्याला आहे, शेठ? अस्वच्छतेला कलम ५६ खाली एक लाखापर्यंत दंड आहे म्हणे. पण त्याआधी कुणीतरी बोट दाखवायला हवं, आणि इथे ज्याचं पोट बिघडलं तोच आरोपी.

चार दिवसांनी तो परत येईल. जरा ओशाळा, जरा सुकलेला. त्याच कोपऱ्यात बसेल. वेटर विचारेल, "काय साहेब, दिसला नाहीत?"

"अरे, त्या दिवशी जरा जास्तच झाली. आज एकच पेग. आणि पोटाला आधार म्हणून आधी एक शेजवान राईस सांग."