‘समुद्रावर गाडी घालूच दिली नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

होळीच्या सुट्टीत तुम्ही आमच्याबरोबर आमच्या कोकण सहलीत चार दिवस स्वतःची फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) घेऊन फिरलात. पुण्याहून वरंध घाट उतरून वेळास, दापोली, गुहागर आणि परतताना कुंभार्ली घाट. रिव्ह्यूत दोन स्टार दिलेत आणि तीन तक्रारी लिहिल्यात: दाभोळच्या जेटीवर अडीच तास गेले, ऑफ-रोडिंग (रस्ता सोडून कच्च्या वाटेवर गाडी चालवणं) अर्धाच दिवस झालं आणि समुद्रावर गाडी घालू दिली नाही.

जेटीची चूक पूर्णपणे आमची. शिमग्याला चाकरमानी गावी येतात, हे आम्हाला दरवर्षी माहीत असतं. खाडीपलीकडे गुहागरच्या बाजूला धोपाव्याला जायचं तर एक तर फेरीबोट, नाही तर चिपळूणवरून भला मोठा वळसा. गाड्या पहाटेच रांगेत लावायला हव्या होत्या. आम्ही नाश्ता उरकून निघालो आणि शेपटाला लागलो. मुलं उन्हात ताटकळली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

ऑफ-रोडिंगचं म्हणाल, तर वनखात्याच्या जंगलात परवानगीशिवाय गाडी घालत नाही, म्हणून ओळखीच्या आमराईतली खाजगी वाट घेतो. तिथला तांबड्या मातीचा उतार वहिनींनी फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देत गाडी अगदी संथ नेणारी सोय), पहिल्या गिअरवर, ब्रेकला पाय न लावता उतरवला. ते शिकण्यातच तो अर्धा दिवस गेला आणि मला तो सत्कारणी लागला असं वाटतं.

समुद्राचं मात्र पुन्हा विचारलंत तरी नाहीच म्हणेन. दापोलीजवळच्या कर्द्याच्या किनाऱ्यावर सकाळी नऊला तुम्ही म्हणालात, वाळू घट्ट आहे, जाऊ द्या. त्या दिवशी पौर्णिमा होती. आमच्याकडचे मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा पंधरावी तिथी; पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला पूर्ण भरती. नऊला पाणी चढायला लागलं होतं आणि भरती उधाणाची होती.

व्यवसायाच्या पहिल्या वर्षी मी स्वतः हेच केलं. वाळूत रुतू नये म्हणून टायरची हवा कमी करून १८ पीएसआयवर आणली होती, फोर-लो टाकला होता. फक्त फोटोसाठी दोन मिनिटं थांबलो. लाट परत जाताना चाकाखालची वाळू ओढून नेते आणि गाडी दर लाटेला बोटभर खाली बसते. बघता बघता फूटबोर्ड वाळूला टेकला. पाणी दारातून आत यायला लागलं तेव्हा गावातल्या एका काकांनी ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली. पुढच्या दोन महिन्यांत खाऱ्या पाण्याने व्हील बेअरिंग गेले, मग वायरिंग.

शिवाय हे दिवस कासवांची पिल्लं बाहेर पडायचे. ऑलिव्ह रिडलेची मादी एका घरट्यात शंभरेक अंडी घालते. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकऱ्यांनी २००२ पासून ती जपली आहेत. आदल्या संध्याकाळी तुम्ही मुलीला घेऊन गुडघ्यावर बसून ती पिल्लं बघत होतात. टायरची चाकोरी त्या बोटभर जिवाला खंदकासारखी असते. त्यात पडलं की ते पाण्याकडे न जाता चाकोरीतूनच चालत राहतं.

तरीही तुमचा राग रास्त आहे. आमच्या जाहिरातीत गाडी लाटांत उभी असलेला फोटो होता. तो पाहून कुणीही समुद्रावर गाडी चालवायला मिळणार असंच समजेल. हा तोच फोटो, ज्याच्यासाठी मी त्या दिवशी थांबलो होतो. इतकी वर्षं तो तसाच राहिला, ही माझी चूक. काल तो काढून टाकला. यापुढे किनाऱ्यावर गाडी जाणार नाही, हे पैसे घेण्याआधीच लिहून देऊ.

जेटीवर गेलेल्या वेळेपोटी २,००० रुपये परत करतोय. ज्या नंबरवर बुकिंग केलं होतंत, त्यावर तुमचा यूपीआय आयडी पाठवा, आजच जमा करतो.